हालचाल दिसली नाही म्हणून

गुरुवार, डहाणू. दिवेलागण.

सगळं गेलं. पीएचडीचे सगळे प्रयोग, सगळे निकाल. पुसले कोणी, तर माझ्याच प्रोग्रामने! क्लाउडवर जे सर्व्हर कुणी वापरत नाही ते शोधायचे आणि आपोआप पुसायचे, हेच तर माझं संशोधन. आईला पक्षाघात झाल्यापासून मी इथे घरी आहे, लॅपटॉप थेट आज उघडला. प्रोग्रामला माझ्या सर्व्हरवर हालचाल दिसली नाही.

लॅबमधल्या प्राचीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, 'हे पुसू नकोस' अशी खूण नव्हती लावलीस?" बाकी सगळ्यांच्या सर्व्हरना लावली होती. स्वतःच्याच सर्व्हरना लावायची राहिली.

सरांना काय तोंड दाखवू? पुन्हा पहिल्यापासून? नाही जमणार. खरंच नाही.

समोर आई पडलेली. वाचा गेली, नजर आढ्याला. मगाशी शेजारच्या काकू म्हणून गेल्या, "आता तिला काय कळतंय!" मलाही तसंच वाटत होतं ना?

मग तिचा डावा हात दिसला. चादरीवर बोटं जुळत होती, सुटत होती, पुन्हा जुळत होती. झटका आला की काय? घाबरून सुमीला, बहिणीला, हाक मारली. ती ओले हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली,

"काही नाही दादा, बोंबील वाळत घालतेय. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, दोरीवर टाकायचे. रोज चाललेलं असतं तिचं. तू आज बघितलंस."