दुपारच्या गोळ्या

बुधवार, दहा तारीख

ताई,

नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना जपा. इथलं बरं चाललंय. दुकान मी रोज वेळेवर उघडते. पट्टे आणि सेल बदलण्याइतपत मला येतं; बाकीची घड्याळं चिठ्ठ्या लावून कपाटात ठेवली आहेत. समोरचा शिंपी रोज विचारतो, मालक कधी येणार म्हणून. बहिणीकडे विश्रांतीला गेलेत, असं सांगते.

खरं कुठे सांगायचं? सासरे गेले तेव्हा यांना झोप लागेना, म्हणून पंधरा दिवसांसाठी दिलेल्या गोळ्या आठ वर्षं चालल्या. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी दाखवून त्या आणून देणारी मीच. त्यामुळे नव्या डॉक्टरांनी "काही दिवस यांना दुसऱ्या घरी ठेवा" म्हटलं, तेव्हा मला बोलायला तोंड नव्हतं. गोळी एकदम तोडायची नाही, थोडी थोडी कमी करत न्यायची, आणि ती कमी होताना थरथर, घाम, मळमळ आवरायला सोबत दुसरी औषधं द्यायची, हे त्यांनी नीट समजावलं. पण तुम्हाला. मी शेजारच्याच खुर्चीत होते. तुम्ही वहीत उतरवून घेत होतात, वर्गात हजेरी घ्यावी तसं.

ती वही मला डोळ्यांसमोर नको झाली होती, ताई.

गेल्या गुरुवारी मी तुमच्याकडे आले, तेव्हा हे खिडकीशी तुमचं भिंतीवरचं घड्याळ उघडून बसले होते. हातात चिमटा, आणि हात जवळजवळ स्थिर. दोन महिन्यांपूर्वी पाण्याचा पेला धरवत नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. पण दिवा तुम्ही धरला होता. "ताई, जरा उजवीकडे," ते म्हणाले, तुम्ही "बरं रे छोट्या" म्हणालात, आणि दोघंही हसलात. दुकानात बारा वर्षं तो दिवा मी धरते. आम्ही हसल्याचं मला आठवत नाही.

मग तुम्ही कपडे काढायला गच्चीवर निघालात. जाता जाता म्हणालात, "दुपारच्या गोळ्या आज तू दे. तुझ्या हातून घेऊ दे त्याला." माझं मन राखायला म्हणालात, हे कळलं मला. तेच जास्त लागलं. तुम्ही गेल्यावर हे म्हणाले, "इथे बरं वाटतं गं. अजून महिनाभर राहीन म्हणतो."

झोपेच्या जुन्या गोळ्या सगळ्या टाकून दिल्या, असं मी डॉक्टरांना सांगितलं होतं. एक पट्टी पर्समध्ये होती. त्यातल्या दोन मी दुपारच्या औषधांबरोबर वाटीत टाकल्या. त्यांनी पाहिलंही नाही. माझ्या हातातलं ते कधी पाहून घेत नाहीत.

पाचच्या बसने मी परतले. पुढचं तुम्ही फोनवर सांगितलंत. त्याच संध्याकाळी हे बाथरूमच्या दारात पडले, भुवईवर तीन टाके पडले. डॉक्टरांना वाटलं, थरथरीच्या गोळीने रक्तदाब उतरला असेल, म्हणून त्यांनी ती बंद केली. शनिवारपासून थरथर परत आली, चिमटा हातातून सुटतो, ते लहान मुलासारखे रडतात. आणि तुम्ही मला म्हणालात, "माझ्याच मोजण्यात चूक झाली असणार. डोळे कुठे चांगले राहिलेत माझे?"

त्यावर मी काय म्हणाले, आठवतं? "असू दे ताई, होतं असं कधी कधी."

गोळ्या वाटीत टाकल्या तो एक क्षण होता. हे वाक्य मी शुद्धीत बोलले, आणि फोन ठेवल्यावर मला थोडं बरंही वाटलं. तुमच्या घरीही ते बरे होत नाहीत, याचं.

आज सकाळी दुकान बंद ठेवून डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं, उरलेली पट्टी टेबलावर ठेवली. ते ओरडले नाहीत. तुमच्याकडे फोन करून थरथरीची गोळी आजच सुरू करायला सांगतो म्हणाले. दोन महिन्यांची मेहनत वाया गेलेली नाही, पण पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल. मग विचारलं, "तुम्हाला ते बरे व्हायला नकोत का?"

मी म्हटलं, "हवेत. तिच्याकडे नको होते."

हे मोठ्याने बोलल्यावर मला पहिल्यांदा माझी भीती वाटली.

डॉक्टर तुम्हाला फक्त औषधाचं बोलले असतील. बाकीचं मी लिहिते म्हणून त्यांना थांबवलंय. यांना काही सांगू नका. रविवारी येऊन मी स्वतः सांगेन, तुमच्यासमोर. मग त्यांनी मला परत जायला सांगितलं, तर मी जाईन. तुम्ही मध्ये पडू नका.

तुमची वही बरोबर आहे. मोजण्यात तुमची कधीच चूक नव्हती.

आणि यापुढे मी कितीही गोड बोलले, तरी औषधाची वाटी माझ्या हाती देऊ नका.

तुम्ही म्हणाल तरच,
तुमची भावजय