‘नंतर बदलू’ नावाचा आवाज

मी, खाली सही करणारा, वय बावन्न, धंदा व्हिडिओ गेम तयार करणे, उद्या हृदयाच्या ऑपरेशनला जात असून आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ताईचं म्हणणं, तो लहानपणीच काढून ठेवायला हवा होता.

१. राहता फ्लॅट ताईला. ती माझी थोरली बहीण, आणि आईचं सगळं तीच करते. शिवाय कोपऱ्यावरच्या गेमच्या दुकानात खेळताना तिचा शेवटचा जीव ती मला द्यायची आणि मी तो बघता बघता घालवायचो. त्यावरून ती कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मला जरा हलकं वाटलं असतं.

२. बँकेतली शिल्लक आईच्या औषधपाण्यासाठी. आईच्या पश्चात ताईची.

३. कामाचे दोन्ही संगणक आणि सगळे जुने कंट्रोलर, बटण अडकणारासुद्धा, आमच्या आवाजाचं काम बघणाऱ्याला, ज्याला ऑफिसात सगळे कानसेन म्हणतात. हेडफोन मात्र त्याला देऊ नयेत. त्यांना माझ्या घामाचा वास येतो, असं तो इतकी वर्षं ऐकवत आलाय.

४. आमच्या पहिल्या गेममधला माझा निम्मा हक्क ताईकडे जावा, भागीदाराकडे नव्हे. त्यातली चेटकीण आपल्याला सुचली, असं तो मुलाखतींत ठोकून देतो. चित्र त्याचं, हे कबूल. पण चेटकीण माझी. खरं तर माझीही नाही, आणि म्हणूनच पुढचं कलम लिहायला हात धजत नाही.

५. ही चेटकीण दिवे विझवत खेळणाऱ्याच्या मागे लागते आणि ओरडते. तो आवाज माझ्या आईचा आहे. आमच्या धंद्यात खरा आवाज मिळेपर्यंत कामचलाऊ काहीतरी बसवून ठेवतात. एका संध्याकाळी आई माझ्या दारात येऊन चिडली, “बंद कर ते. डोळे जायचेत एक दिवस!” माइक चालूच होता. मी तेवढं कापलं, घोगरं केलं आणि चेटकिणीच्या तोंडी घातलं. फाइलला नाव दिलं ‘नंतर बदलू’. मग नटी ठरली, तिची तारीख पुढे गेली, आणि बदलायचं राहून गेलं. गेम तुफान चालला. लोक माझ्या आईच्या आवाजाला खो खो हसले, तिच्या नकला करू लागले. मीही हसलो.

आईला सांगायची हिंमत झाली नाही. ती शेजारीपाजारी कौतुकाने सांगत राहिली, “आमच्या ह्याचा खेळ जगभर चालतो बरं का.” पुढे तिला पक्षाघात झाला आणि वाचा गेली. त्याआधी कधी व्हिडिओ काढायला गेलं की ती तोंड फिरवून पळायची, त्यामुळे तिच्या आवाजाचं आमच्याकडे दुसरं काहीच नाही. उरली ती चेटकीण. मला लाज वाटते, हे लिहितानाही वाटते.

सबब, माझ्या पश्चात कानसेनने तो आवाज गेममधून काढून टाकावा, आणि ताईने आईला सगळं सांगून माझ्या वतीने माफी मागावी.

६. कलम पाचमधल्या शेवटच्या दोन्ही सूचना रद्द. मसुदा वाचून ताई म्हणाली, “तू मेल्यावर माफी मागायला मी काय तुझी वकील आहे? आई पलीकडच्या खोलीत बसलीये. ऊठ.”

गेलो. लॅपटॉप आईसमोर ठेवला. चेटकीण ओरडली. “आई, ही तू आहेस,” मी म्हणालो. “तुला न विचारता घातलं मी. चुकलो.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. डाव्या हाताने खूण केली, परत लाव. मी लावलं. पुन्हा खूण. या खेपेला तिचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता, पण प्रत्येक शब्दावर बरोबर पडत होते. चेटकीण थांबली, म्हणजे मी जिथे कापलं होतं तिथे, आणि आई थांबली नाही. ती पुढचं बोलत राहिली. मला काही समजेना. ताईला दारातूनच कळलं.

“‘ये, डोकं चेपून देते,’ म्हणतेय,” ताई म्हणाली.

मी कानसेनला फोन लावला. त्या संध्याकाळचं मूळ, न कापलेलं ध्वनिमुद्रण त्याने जपून ठेवलं होतं. त्याने ऐकवलं. हेच शब्द होते. मी ते नको म्हणून टाकून दिले होते, आणि त्या संध्याकाळी डोकं चेपून घ्यायला उठलो होतो की नाही, हेही मला आठवत नाही.

सबब, आवाज काढू नये. त्याचं घोगरेपण काढावं, वाक्य पूर्ण करावं, आणि श्रेयनामावलीत चेटकिणीपुढे आईचं नाव लिहावं. माफी मिळाली, असं मी धरून चालत नाही.

ठिकाण: आईची खोली
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: १. तळमजल्यावरचे चष्मेवाले (सही)
२. आईची नर्स (सही)

कलम सहाच्या समासात डाव्या हाताचा अंगठा आहे, तो आईचा. कायद्याने तो लागत नाही, असं आम्ही तिला सांगितलं. तिने शाईचं पॅड स्वतःच ओढून घेतलं.