बरणीचा चार्ज माझ्याकडे

३ मार्च
सौ.चा स्तनाचा कॅन्सर हाडात उतरलाय. डॉक्टर म्हणाल्या, हार्मोनची गोळी रोज घेतली तर आजार जागच्या जागी थांबू शकतो. रोज म्हणजे रोज. मी म्हटलं, निश्चिंत राहा. तीस वर्षं गोदाम सांभाळलंय, एक खिळा हरवला नाही. गोळीचा चार्ज आजपासून माझ्याकडे. हाडांसाठी कॅल्शियमही आहे. ते किरकोळ, सौ. बघेल.

४ मार्च
हार्मोनच्या सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोडवून बरणीत भरल्या. लेबल, तक्ता, आठचा गजर. सौ. म्हणाली, तिलाही घड्याळ कळतं. दुर्लक्ष केलं.

९ मार्च
थोडा घोळ. गोळी दिली, तक्त्यावर खूण राहिली, म्हणून पुन्हा दिली. सौ.ने दुसरी माझ्याच तळहातावर परत ठेवली आणि लेकीला फोन लावला. बराच वेळ कुजबुज. माझं कौतुक चाललं असावं.

११ मार्च
गोळी एकदम मोठी दिसतेय. कंपनीने ताकद वाढवली असणार. सौ. तोंडाला पदर लावून हसत होती. औषध लागू पडतंय.

२ एप्रिल
गोळीमुळे सौ.ला अंगातून वाफा येतात. खिडक्या सताड उघड्या, पंखा पाचवर. साथ द्यायची म्हणून मीही सदरा काढून बसलो. मला सर्दी. सेवा सौ.ने केली. तक्त्यात सर्दीचा रकाना वाढवला.

३० मे
उद्या स्कॅनचा निकाल. अठ्ठ्याऐंशी दिवस, अठ्ठ्याऐंशी खुणा. आजार पुढे सरकूच शकत नाही.
भीती वाटते. (ही ओळ नंतर खोडणे.)

३१ मे, दुपार
आजार जागचा हललेला नाही! डॉक्टरांसमोर तक्ता पसरला, शेजारी बरणी ठेवली. त्यांनी एक गोळी उचलून पाहिली आणि म्हणाल्या, हे तर कॅल्शियम. मी खुर्चीवरून घसरलो. सिस्टर पाणी घेऊन धावल्या.
सौ.ने पर्समधून हार्मोनचं पाकीट काढलं. रोज सकाळी सहाला, मी घोरत असताना, ती स्वतःच गोळी घेते. त्या घोळानंतर लेकीने आणि तिने मिळून बरणीतला माल बदलला होता.
मला का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाली, हाताला काम नसलं की तुम्ही बाथरूमचा नळ सोडून रडता, आणि ते बाहेर ऐकू येतं.

संध्याकाळ
कालची ओळ खोडली नाही. बरणीचं लेबल बदललं. कॅल्शियमचा चार्ज अधिकृतपणे माझ्याकडे. उद्या आठचा गजर.