भिंतीपाशी थांबलेला पूल

४ जानेवारी

पूल चुकला!

पडला-बिडला नाही. ठणठणीत उभा आहे, रंगसुद्धा वाळलाय. फक्त जिथे जायला हवा तिथे जात नाही. आमच्या नव्या इमारतीतून निघतो, मधली झाडं ओलांडतो आणि विद्यापीठाच्या जुन्या इमारतीच्या भिंतीला जाऊन नाक लावतो. नकाशात तिथे व्हरांडा आहे. प्रत्यक्षात तिथे ताई आहे.

माझी सख्खी बहीण. अख्ख्या जगात दुसरी भिंत मिळाली नाही!

५ जानेवारी

झालं कसं ते आज उलगडलं. विज्ञान विभागाला जागा कमी पडली की ही मंडळी काय करतात? अर्ज करत नाहीत, बांधत नाहीत. व्हरांड्याच्या टोकाला एक भिंत घालतात, एक दार बसवतात, आणि झाली खोली! बारा-तेरा वर्षांपूर्वी ताईला अशीच खोली मिळाली. नकाशात नोंद करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आर्किटेक्टने जुना नकाशा घेतला, मी त्यावर सही केली. रोज त्या खोलीत जाऊन चहा पिणारी मी! कागद बघताना डोळे कुठे गेले होते कोण जाणे.

म्हणजे कागदावर माझी बहीण इतकी वर्षं व्हरांड्यात बसते आहे.

नवरा पोट धरून हसला. विद्यापीठाच्या संशोधन पार्कचं काम मला मिळालं तेव्हापासून त्याचा एकच विनोद – "घसरगुंडी कधी बसवताय?" आज त्याला नवीन मिळाला. "पूल तर बसवलात. आता त्याला रस्ता दाखवा."

९ जानेवारी

कुलगुरूंपुढे उभी राहिले. ते ओरडत नाहीत, हीच पंचाईत. चष्मा पुसत राहिले.

म्हणाले, "तुमच्या त्या पार्कमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठली?"

"पूल."

खरंच आहे ते. इमारती काय, कुणीही बांधतं. इकडच्या खोल्यांत कंपन्या, तिकडच्या खोल्यांत प्राध्यापक, आणि मधे एक रस्ता, म्हणजे तिकडे सुचलेलं इकडे घडेल आणि इकडे अडलेलं तिकडे सुटेल. हे वाक्य मी इतक्या सभांमध्ये बोलले आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. विद्यापीठाचा मोठा सूक्ष्मदर्शक जुन्या इमारतीत, कंपनीची तपासणीची यंत्रं नव्या इमारतीत. नमुने ट्रॉलीवरून हळूच इकडून तिकडे न्यायचे. पायरी नको, धक्का नको. म्हणून तर पूल.

"मग भिंतीत दार पाडा," कुलगुरू म्हणाले. "ती खोली कागदावर नाहीच. जी खोली नाही ती रिकामी करायला परवानगी कुणाची लागते?"

मी म्हटलं, खोलीत एक माणूस आहे. आणि एक स्फटिक आहे.

१० जानेवारी

स्फटिकाबद्दल इथे एकदा नीट लिहून ठेवते.

ताईच्या खोलीच्या कोपऱ्यात एक काचेची बरणी आहे. बरणीत द्रावण, द्रावणात दोऱ्याला टांगलेला स्फटिकाचा कण. द्रावण इतकं सावकाश आटवायचं की कणाला स्वतःला कळू नये आपण वाढतोय. बरणीवर काळं कापड. खोलीत शिरताना चपला बाहेर. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. बोलायचं ते कुजबुजत. "हळू," ताई म्हणते, "त्याची झोप मोडेल." विभागप्रमुखसुद्धा तिथे मोज्यांवर चालतात! कारण धक्का बसला की तळाशी शंभर नवे कण धरतात, सगळे मोठ्याच्या वाट्याचं खातात आणि मोठा जातो तो जातोच.

असा मोठा आणि निर्मळ स्फटिक मिळाला तर किरणोत्सर्ग ओळखणारी यंत्रं कितीतरी स्वस्त होतील. इतका मोठा अजून कुणाच्याच हाती लागलेला नाही. ताईच्या निवृत्तीला फार दिवस उरले नाहीत. तिला एवढा एक बघायचा आहे.

त्या भिंतीत दार पाडायचं म्हणजे ड्रिल. आणि मग दिवसभर ट्रॉल्या.

इकडे आड, तिकडे विहीर.

११ जानेवारी

ताईला सांगायची हिंमत झाली नाही. चहा पिऊन परत आले.

१३ जानेवारी

सांगितलं. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?

तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मग पाड की दार."

"ताई!"

"काय ताई? इतकी वर्षं फुकटच्या व्हरांड्यात राहिले. घरमालक आला तर जागा सोडावी माणसाने."

"आणि तो?" मी बरणीकडे बोट केलं.

"त्याचं मी बघते."

काय बघते? डोंबल! स्फटिक काही पिशवीत घालून न्यायची गोष्ट नाही. मला कळत नाही का? लहानपणी ताटातला शेवटचा घास माझ्याकडे सरकवून "मला भूकच नाही" म्हणणारी ही बाई. आवाजही तोच, चेहराही तोच. तेव्हा मी खायचे. आता नाही खाणार.

२० जानेवारी

कंपनीच्या बाई पाहणीला आल्या. उंच, भराभरा चालणाऱ्या, बोलणं कात्रीसारखं. नव्या इमारतीचे वरचे दोन मजले त्या घेणार आहेत. त्या आल्या तर बाकीच्या लहान कंपन्या मागोमाग येतील, हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्यांनाही.

पुलाच्या टोकापर्यंत गेल्या. भिंतीवर टिचकी मारली.

"पुढे दार नसेल तर हा पूल नाही, गच्ची आहे," म्हणाल्या.

भिंतीपलीकडे ताई असणार. ऐकू गेलं असेल का?

२१ जानेवारी

ऐकू गेलं होतं. "बाई हुशार आहेत," ताई म्हणते. "गच्ची! मला कसं सुचलं नाही?"

आणि हसते आहे. आवाज न करता, खांदे हलवून. त्या खोलीत तसंच हसतात.

३ फेब्रुवारी

आर्किटेक्ट म्हणतो, पूल वळवता येत नाही. "मॅडम, हा पूल आहे, नळी नाही."

नकाशा बघायला डोळे नसलेला माणूस मला विनोद ऐकवतो!

११ फेब्रुवारी

आज उगाच आठवलं. गेल्या मे महिन्यात आमचं पायलिंग सुरू होतं. जमिनीत खांब ठोकायचं काम, धडाम धडाम, दिवसभर. माझा जीव थाऱ्यावर नसायचा. रोज दुपारी ताईकडे धावायचे. "हादरे येतायत का गं? थांबवू का काम?" ती दारातच चहा द्यायची. "काही नाही होत. भिंती जाड आहेत. तुझं चालू दे." मी निश्चिंत होऊन परतायचे.

तेवढं सगळं सोसून तो बरणीत तग धरून राहिला. आणि आता मी त्याच्या उशाशी दार पाडू?

पूर्वी ताई कधीमधी कापडाचं टोक वर करून दाखवायची. बोराएवढा होता, मग लिंबाएवढा. हल्ली दाखवत नाही. उजेड नको म्हणते. आता मोठा झाला असेल, जपत असेल.

१८ फेब्रुवारी

उपाय सापडला! पुलाच्या टोकाला, बाहेरच्या बाजूने लिफ्ट. ट्रॉली पुलावरून यायची, लिफ्टने खाली जायची, पुढच्या दाराने आत शिरायची. वळसा पडेल. वेळ लागेल. नाकापेक्षा मोती जड होईल. पण भिंतीला नखसुद्धा लागणार नाही.

नवऱ्याला चित्र काढून दाखवलं. बराच वेळ बघत राहिला. चक्क विनोद नाही केला. म्हणाला, "ताईंना विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? ती म्हणणार, पाड दार."

"मग कदाचित तिला तेच हवं असेल."

याला बहीण नाही. याला काय कळणार!

२ मार्च

ताईला लिफ्टचं सांगितलं. पहिल्यांदाच चिडली. कुजबुजत चिडली, पण चिडलीच.

"ठमे, कुणी सांगितले हे उद्योग? पूल कशासाठी बांधलास? माणसं वळसा घालून भेटत नसतात. एकदा येतील, दोनदा येतील, तिसऱ्यांदा म्हणतील, ईमेल करू. संपलं तुझं पार्क."

मी म्हटलं, तुझ्या कामाची किंमत देऊन मला माझं काम नको.

ती काहीतरी बोलणार होती. मग खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत बसली. आधीच घातलेलं होतं, ओघळून खाली आलं. तिला इतकं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मलाच वाईट वाटलं, फार बोलले की काय.

९ मार्च

कंपनीच्या बाईंना भेटले. चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"बहिणीसाठी?" थेट विचारलं.

"स्फटिकासाठी," मी म्हटलं. मग म्हटलं, "बहिणीसाठीही."

"मला बहीण असती तर मीही केलं असतं," त्या म्हणाल्या. बरं वाटलं. पुढच्याच श्वासात – "पण कंपनीला बहीण नाही. आम्ही आता एकच मजला घेऊ. दुसऱ्याचं लिफ्ट चालते कशी ते बघून ठरवू."

दोनाचा एक झाला. एक तर एक.

१५ मार्च

कुलगुरूंनी लिफ्टला होकार दिला. चष्मा पुसत. शेवटी म्हणाले, "पार्कचा पुढचा टप्पा मात्र दुसऱ्या कुणाकडे द्यावा म्हणतो. तुम्ही दमलात."

मी दमले नाही. त्यांनाही माहीत आहे.

घरी येऊन अंघोळ केली, भांडी घासली, कपाट आवरलं. रडू येईल वाटलं होतं, नाही आलं. पुढच्या टप्प्याचे आराखडे माझेच आहेत. त्यातल्या झाडांची जागासुद्धा मी ठरवली होती. वाईट वाटतंय. खूप वाटतंय. पण हिशेब साधा आहे. टप्पे दुसरं कुणी बांधेल. तो स्फटिक दुसऱ्या कुणाकडे नाही.

ताईला सांगितलेलं नाही. तिला कळू द्यायचं नाही.

१६ मार्च

नवऱ्याने चहा करून दिला. साखर विसरला. प्यायले.

२४ मार्च

लिफ्टच्या पायाची आखणी झाली. हातानेच खणायचं, यंत्र लावायचं नाही, असं मुकादमाला बजावलं. तो म्हणाला, "बाई, आत कुणी आजारी आहे का?"

म्हटलं, झोपलंय कुणीतरी.

२७ मार्च

नवऱ्याने ताईला सांगून टाकलं, पुढचा टप्पा गेल्याचं! पोटात काही म्हणून राहत नाही या माणसाच्या. मी दिवसभर बोलले नाही त्याच्याशी.

ताईचा फोन नाही. निरोप नाही.

२८ मार्च

ताईने सकाळीच बोलावलं. दारात चपला काढायला वाकले.

"राहू दे. घालूनच ये."

कापड तिने एका झटक्यात ओढलं. बरणीत द्रावण, द्रावणात दोरा. दोऱ्याला काही नाही. तळाशी साखर सांडल्यासारखा चुरा.

"कधी?"

"मे महिन्यात. पायलिंग सुरू झालं त्याच आठवड्यात." मग म्हणाली, "तू रोज धावत यायचीस गं विचारायला. चेहरा बघवायचा नाही तुझा. एवढं मोठं काम पहिल्यांदा मिळालेलं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तोंडातून निघेचना."

तिने कपाट सरकवलं. चांगलं फरफटत, आवाज करत. मागे भिंतीवर खडूने दार काढलं होतं. ट्रॉली जाईल एवढं रुंद, पुलाच्या बरोब्बर समोर. जानेवारीतच आखलंय म्हणाली. "कुलगुरूंना मी भेटते आज. आणि मला तुझ्या तळघरात एक खोली दे. खडकापर्यंत खांब गेलेत ना तुझे? तिथे हादरे पोचायचे नाहीत, नवा लावते."

मला हुंदका आला. सवयीने तोंडावर हात दाबला.

ताईने तो हात बाजूला केला. "रड की मोठ्याने," म्हणाली. "आता इथे कुणाची झोप मोडणार आहे?"