अपघाताविना उभा राहिलेला मनोरा

दादा,

आपल्या चर्चचा शंभर वर्षांचा इतिहास तू लिहिलास, तो वाचला. 'घंटेचा मनोरा अपघाताविना उभा राहिला,' असं छापलंयस. तोच मनोरा बांधताना आपले गवंडी बाबा वरून पडले आणि त्यांना उचलायला धावलास तो तूच. फोनवर विचारलं, तर म्हणालास, "चांगल्या प्रसंगी कशाला ते उगाच?" बिशपांशेजारी फोटो मिळावा म्हणून बाप गिळलास.

मी फादरांना मृत्यूचं जुनं रजिस्टर काढायला लावलं. 'मनोऱ्यावरून पडून', असं त्यात स्पष्ट आहे. खाली साक्षीदार म्हणून तुझी सही आहे. रविवारी प्रार्थनेनंतर ते पान मी सगळ्यांसमोर वाचणार आहे.

हे पत्र मात्र टाकणार नाही. तू सावध होशील, आणि मला तू पहिल्या बाकावर बसलेला हवा आहेस.

नाइलाजाने तुझीच,
धाकटी