कच्चा टाका

२४ मार्च

सावळेराम येऊन गेला. यात्रा कमिटीचा अध्यक्ष झाल्यापासून चप्पल न काढताच घरात येतो. म्हणाला, "भाऊ, अवंदा तमाशा मिळंना. तवा तुमीच आमचा कार्यक्रम! स्टेजवर यायचं, दोन डायलॉग मारायचं, आन शर्ट फाडायचा!"

हिरो लाजले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस — लाजला!

हिरो म्हणजे आमचे हे, सोमनाथ. बारा पिच्चरचे हिरो. प्रत्येकात गुंडांनी कुणाला तरी पळवायचं, यांनी शेवटी अंग फुगवायचं, शर्ट टराटरा फाटायचा आणि यात्रेच्या तंबूत शिट्ट्या. गोष्ट तीच, शर्टाचा रंग तेवढा वेगळा. तो शर्ट मी शिवायचे. कोल्हापूरला ड्रेस खात्यात कुशाबांच्या हाताखाली होते तेव्हा. लोकांना वाटतं फाटणारा शर्ट काय, कुणीही शिवेल. शिवून दाखवा! पाठीला, बगलेत, मुंढ्याला कच्चा टाका. छाती फुगली की सुटला पाहिजे, पण त्याआधीच्या मारामारीत सुटता कामा नये. त्या टाक्यांवरच आमचं जमलं.

मी सावळेरामला म्हणाले, "बायपास झालीये त्यांची. दम रोखून जोर लावायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय."

"वयनी, जोर कशाला लागतोय? टाका घालाया तुमी हायसा की!"

गावाला टाक्याचं माहीत आहे. तरी शिट्ट्या मारतात. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

२५ मार्च

हिरो सकाळपासून आरशासमोर. "आशे, दंड अजून हाय की गं."

मी आहे म्हणाले.

नाहीये. ऑपरेशननंतर बाह्या सैल लोंबायला लागल्या तेव्हा मी एकेक शर्ट गुपचूप आत घेत गेले. घट्ट बसला की माणूस खूश. टेप खोटं बोलत नाही, मी बोलते.

२९ मार्च

कुशाबांना फोन लावला. म्हटलं मास्तर, परत एकदा फाटका शर्ट शिवायचाय. ते खूप हसले, मग खोकले. म्हणाले, "आता कोण शिवतंय गं? आता मागं हिरवं कापड लावत्यात आन पोरगं पुढं उभं. दंड बी कॉम्प्युटर लावतो, शर्ट बी कॉम्प्युटरच फाडतो. मी नातवाची गोधडी शिवतोय."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ते शर्ट शिवताना बोटं सोलून निघायची.

३० मार्च

पाडवा. डॉक्टरांनी अर्धी पोळी सांगितलीये. हिरोंनी तीन खाल्ल्या.

३ एप्रिल

सुप्रिया दुकानात फॉल-बिडिंगला येते. कॉलेज करून येते, हात चांगला आहे, तोंड त्याहून चांगलं. आज तिने फोनवर हल्लीचा हिरो दाखवला. डोळ्यांवर केस, दंड माझ्यापेक्षा बारीक. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा रडला! मी म्हटलं, हा गुंडांना कधी मारणार? तर म्हणे, "काकू, आता गुंड नसत्यात. त्याचा बापच तसा असतो."

बरोबरच असेल. आमच्या वेळी रडायचं काम हिरॉइनकडे होतं.

फोन तसाच माझ्या हातात होता. बोट लागलं आणि पुढचा व्हिडिओ आला. हिरो! आमचे! आठव्या पिच्चरमधला सीन, निळा शर्ट, माझाच. छाती फुगते तशी मागे कुकरची शिट्टी वाजवलीये, आणि शर्ट फाटला की फुस्स. खाली लिहिलंय — शर्टफाडे काका. मी आधी हसले. खरंच हसले. मग खालची वाक्यं वाचली. 'यात्रेत लाइव्ह! काकांची आत्ताची बॉडी बघायला या. कुकर घेऊन या.' आपल्याच गावच्या पोरांनी केलंय.

सुप्रिया म्हणाली, "काकू, सगळ्यांना म्हाईत हाय. मला वाटलं तुमाला बी..."

४ एप्रिल

सावळेरामला रस्त्यात गाठलं. थोबाडीतच द्यायची होती. तो शांत. "पोरं हसत्यात वयनी, पण येत्यात तर! नायतर कोण येतंय यात्रेला? घरी बसून फोन बघत्यात." वर म्हणे, भाऊंना सांगू नका, उगाच मन दुखतंय माणसाचं.

हा माणूस लबाड आहे असंही धड म्हणता येत नाही. यात्रा भरावी एवढंच त्याला हवंय.

६ एप्रिल

जेवताना मी म्हणाले, "नाही म्हणून सांगा की त्यांना. तब्येतीचं कारण आहेच."

हिरोंनी घास खाली ठेवला. "गावाला न्हाई कसं म्हणू? आबा आयुष्यभर मेंढरांमागं फिरलं. ह्या गावात पंगत उठल्यावर जेवायचं. माझा पयला पिच्चर यात्रेला लागला तवा आबांना फुडं खुर्ची दिली. पयली खुर्ची, आशे! त्या गावाला न्हाई म्हणू?"

सासऱ्यांचं, म्हस्कू आबांचं नाव आलं की माझं तोंड बंद होतं. त्या खुर्चीत ते कडेला टेकून बसले होते, पूर्ण नाही. मी पाहिलंय. व्हिडिओचं सांगणार होते, राहिलं.

यांच्या फोनला इंटरनेट नाही ते बरं आहे.

१२ एप्रिल

तांबडं कापड आणलं नारायणगावहून. शर्ट शिवायला घेतला. हात विसरले नाहीत. मुंढ्याला टाका घालताना वाटलं, हा नुसत्या शिंकेनं सुटेल. जोर लावायलाच नको. तब्येतीची काळजी नाही.

पण सुटल्यावर काय दिसणार? सैल कातडी. आणि मधोमध गळ्याखालून पार बेंबीच्या अलीकडेपर्यंत डॉक्टरांची शिवण. पहिल्यांदा पट्टी काढली तेव्हा मी म्हटलं होतं, टाका बरा आहे, सरळ आलाय. हिरो हसले होते. नंतर अंघोळीचं दार आतून लावायला लागले. तेहतीस वर्षांत कधी लावलं नव्हतं. घरातही बनियनवर बसत नाहीत, उन्हाळ्यातसुद्धा. जे मला दाखवत नाहीत ते त्या कुकरवाल्यांना दाखवायचं?

१५ एप्रिल

डायलॉग पाठ चाललेत. गोठ्यात म्हशीला ऐकवतात. म्हैस बरी प्रेक्षक आहे, फोन काढत नाही.

१७ एप्रिल

दुसरा शर्ट शिवला. तेच कापड, तीच कॉलर, पण नायलॉनचा दोरा, डबल शिलाई. बैलाच्या जुवाला बांधला तरी फाटणार नाही.

विचार असा: एकदा अंग फुगवतील, फाटणार नाही. चार पोरं हसतील. मग नमस्कार करून खाली येतील. हसू दोन दिवसांत विरतं. उघडं अंग एकदा फोनमध्ये गेलं की गेलं. हसू देत, पण अंग झाकलेलं राहू दे.

फसवतेय हे कळतंय. चालतंय. बाह्या आत घेताना तरी कुठे विचारलं होतं!

२० एप्रिल

दोन्ही शर्ट इस्त्री करून कपाटात. शेजारी शेजारी लावले तर मलाही क्षणभर ओळखू येईनात.

२१ एप्रिल

यात्रा. पक्का दिला.

२२ एप्रिल

काल तेवढीच ओळ लिहून वही मिटली. आज लिहिते.

कार्यक्रम चारलाच होता. शिवारात बिबट्या फिरतोय म्हणून आता सगळं उजेडातच उरकतात. दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं, वर सतरंजी. गर्दी मात्र सावळेराम म्हणाला तशीच! पिंपरी पेंढारची, कुठकुठची पोरं. मी बायकांत बसले, शेजारी सारजाबाई. त्यांना ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं.

हिरो आले. चालत नाहीत, येतात. ते अजून जमतं. डायलॉग म्हटले, म्हाताऱ्या माणसांनी टाळ्या दिल्या. सावळेराम माइकवर ओरडला, "आता बगा!"

हिरोंनी अंग फुगवलं. शर्ट हलला नाही.

कुणीतरी तोंडानं कुकरची शिट्टी वाजवली. मग दुसऱ्यानं, मग सगळं मैदान. एकानं खरोखरचा कुकर डोक्यावर धरला होता. मी मनात म्हणत होते, झालं, नमस्कार करा, उतरा खाली. हिरो उतरले नाहीत. पुन्हा मुठी वळल्या. गाल फुगले, तोंड लाल, मानेच्या शिरा दोरीसारख्या.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दम रोखून जोर लावायचा नाही! कच्चा टाका असता तर शिंकेनं सुटला असता, जोर लागलाच नसता. मी नायलॉन घातला. अंग झाकायच्या नादात मी त्यांच्या छातीलाच फास घातला! मरतील हे, इथेच, कुकरच्या शिट्ट्यांत, आणि मी मारलं असेल.

कशी उठले आठवत नाही. ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन चढले, लुगडं फाटलं. "सोडा! श्वास सोडा!" म्हणून ओरडत होते. हिरोंनी वळून पाहिलं, "अगं थांब—" म्हणाले. मी कशाला थांबते! धंद्याची कातर कमरेच्या पिशवीत असतेच. मागे गेले, कॉलरपासून खाली सरळ कापत सुटले. कापड फर्रकन दुभंगलं. शर्ट पुढे गळून यांच्या मनगटांत अडकला.

शिट्ट्या बंद.

सगळ्या गावासमोर ती शिवण. उतरतीचं ऊन नेमकं तिच्यावर. मग सारजाबाईंचाच आवाज, ऐकू कमी येणाऱ्यांचा असतो तसा मोठा — "अगं बाई गं, लेकराला मधनं कापलंय की!"

काही पोरांनी फोन खाली केले. काहींनी नाही केले. सावळेराम धावत आला आणि सत्काराची शाल यांच्याभोवती गुंडाळली. नारळ द्यायचा विसरला. हिरो शाल धरून खाली उतरले. घरापर्यंत मी मागे, ते पुढे.

छातीत दुखतंय का विचारलं. नाही म्हणाले. एवढंच.

२३ एप्रिल

डॉक्टरांकडे नेलं. कागदावर रेघा काढल्या, सगळं ठीक आहे म्हणाले. मी दवाखान्याच्या बाकावर बसून हमसून हमसून रडले. वाचले! दुसरं मला काही नको. लोकांनी काय पाहिलं ते गेलं चुलीत.

२४ एप्रिल

सुप्रिया म्हणाली, कुकरवाला व्हिडिओ काढून टाकलाय त्यांनी. यात्रेतला कुणी टाकला का विचारलं, तर सुईत दोरा ओवत बसली.

सावळेराम नारळ घेऊन आला. आज चप्पल बाहेर काढली.

२६ एप्रिल

हिरो बोलत नाहीत. रागावलेलेही दिसत नाहीत. गोठ्यात जाऊन बसतात. मी सांगून टाकलं सगळं — व्हिडिओ, दोन शर्ट, नायलॉन. म्हटलं, शिव्या द्या, काय ते द्या, पण बोला. मान हलवली. "असू दे," म्हणाले.

जीव वाचवलाय मी तुमचा, असं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

२८ एप्रिल

आज चहा घेताना आपणहून बोलले. खाली बघत.

"शर्ट अंगात घालतानाच मुंढ्यावरनं अंगठा फिरवला व्हता. तुझा टाका मला कळत न्हाई व्हय? पक्का लागला. लई बरं वाटलं, आशे. माझ्या तोंडनं गावाला न्हाई म्हणवंना, तू दोऱ्यानं म्हणलीस. दम रोखलाच नव्हता गं मी. गाल फुगवलं नुसतं. शिरा तर पायजे तवा काढतो, बारा पिच्चर तेवढंच केलंय. अजून एकदा वढणार व्हतो, मग माइकवर म्हणणार व्हतो — बायकोनं शिवलाय राव, फाटत न्हाई! हसलं असतं समदं. मी बी हसलो असतो. आन आलो असतो घरी, शर्ट अंगात."