समोरच्या फ्लॅटमधली माणसं

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घराचा विषय निघाला की मला पहिला राग तुमचाच येतो. कोराडीच्या वीज केंद्रात जन्मभर नोकरी केलीत, पण नागपुरात एक साधा प्लॉट घेतला नाहीत. अजून दिसतं मला. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापते आहे, खिडकीच्या चौकटीवर केंद्राच्या चिमणीची राख साचली आहे, आणि ती विचारते आहे, "सगळ्याईनं प्लॉट घेतले, आपणच काहून नाही?" तुम्ही मान वर न करता जेवता आहात. "राहाले घर आहे ना वं? मंग झालं." झालं कसलं! रिटायर झालात आणि क्वार्टर सोडावं लागलं. आईनं सगळा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत कोंबला आणि तिथंच ती गेली. म्हणून मी हट्टानं फ्लॅट घेतला. दारावर माझ्या नावाची पितळी पाटी लावली, तेव्हा ती तुम्हाला दाखवावीशी वाटली. खरं तर टोचावीशी वाटली.

आता पुढचं ऐका. समोरचा फ्लॅट विकायला निघाला. घेणारी बाई शाळेत शिक्षिका, मुसलमान. लगेच सोसायटीची मीटिंग, खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सेक्रेटरी म्हणाले, "आपलं कोणाशी वैर नाही मॅडम, पण भाव पडतीन ना. उद्या तुम्हाले विकाचं झालं तं?" सगळे माना डोलावत होते, जणू प्रत्येकजण उद्याच घर विकून निघणार होता. मला आपली कॉलनी आठवली. वरच्या मजल्यावर केरळच्या मावशी, शेजारी तुमच्यासोबत बॉयलरवर काम करणारे चाचा, पलीकडे ते बंगाली कुटुंब. भांडणं काय कमी व्हायची? नळावरून तर रोज व्हायची. पण तुम्ही इथं राहू नका, असं कोणी कोणाला म्हटलं नाही. म्हणणार कसं? घर कोणाचंच नव्हतं.

मी उठले आणि म्हटलं, "मले विकाचं नाही. मले राहाचं आहे." समोरचे म्हातारे मालकही हट्टी निघाले. त्यांनी कोणाचं न ऐकता तिलाच फ्लॅट विकला.

ती राहायला आली आणि एका संध्याकाळी तिनं बेल वाजवली. वाटलं, आभार मानायला आली असेल. मी चहाचं आधण ठेवायला वळले, तर म्हणते, "ताई, तुमचं हे चपलांचं कपाट आत घ्या ना. पॅसेज सबका है."

"इतकी वर्षं तिथंच आहे ते," मी म्हटलं.

"इसीलिए तो बोल रही हूँ."

सांगा, काय करायचं अशा बाईचं? जिच्यासाठी सगळ्या सोसायटीशी वाकडं घेतलं, तिनं मलाच नियम शिकवावेत! आज सकाळी जिन्यात सेक्रेटरींनी हसत विचारलं, "काय मॅडम, कसे आहेत नवे शेजारी?" मी म्हटलं, "बढिया."

कपाट अजून पॅसेजमध्येच आहे, बाबा. तिचं म्हणणं बरोबर आहे, हे फक्त तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही तिला जाऊन सांगणार नाही.